दोन गिधाडे, चार ससाणे

रोल्स-रॉइस कंपनीत विमानाच्या इंजिनांना शिकारी पक्ष्यांची नावे द्यायचा रिवाज होता. केस्ट्रेल, पेरेग्रिन, मर्लिन ही सगळी ससाण्याच्या कुळातली. मर्लिन म्हटले की आर्थर राजाच्या दरबारातला जादूगार आठवतो, पण इथला मर्लिन म्हणजे एक छोटा, चपळ ससाणा. या घराण्यातल्या एका थोराड इंजिनाला कंपनीने नाव दिले ‘व्हल्चर’, म्हणजे गिधाड. नावातच अपशकुन होता म्हणावे, अशी त्याची पुढची कहाणी आहे. हे इंजिन नीट चालले असते तर दुसऱ्या महायुद्धातले सर्वांत प्रसिद्ध ब्रिटिश बाँबफेकी विमान जन्मालाच आले नसते.

सुरुवात मात्र इंजिनापासून नाही, भीतीपासून करावी लागते. पहिल्या महायुद्धात जर्मन झेपेलिन वायुनौकांनी आणि गोथा विमानांनी लंडनवर बाँब टाकले होते. मेली ती माणसे खंदकातल्या संहारापुढे मूठभर, पण समुद्राने राखलेल्या बेटावर आकाशातून मृत्यू येऊ शकतो हा धक्का इंग्रजांच्या मनातून गेला नाही. नोव्हेंबर १९३२ मध्ये स्टॅन्ली बाल्डविन यांनी पार्लमेंटात सांगून टाकले की, कितीही बंदोबस्त करा, बाँबफेकी विमान आत शिरणारच. यातून निघणारा निष्कर्ष उघड होता. ढाल नाही म्हणता, तर मग आपली तलवार समोरच्यापेक्षा लांब हवी.

प्रत्यक्षातली तलवार भलतीच आखूड होती. १९३६ साली ब्रिटिश हवाईदलाच्या ताफ्यात हेफर्ड नावाची दुपंखी बाँबफेकी विमाने होती. पायलट उघड्यावर बसायचा, चाके कायमची बाहेर लोंबत असायची. त्याच वर्षी जुलैत ‘बाँबर कमांड’ हे स्वतंत्र दल उभे राहिले आणि हवाई मंत्रालयाने विमान कंपन्यांकडे दोन मागणीपत्रे धाडली. बी १२/३६ मध्ये चार इंजिनांचे अवजड विमान हवे होते. पी १३/३६ मध्ये दोन इंजिनांचे मध्यम वजनाचे. युद्धात गाजलेली तिन्ही मोठी ब्रिटिश बाँबफेकी विमाने या दोन कागदांतून निघाली. गंमत अशी की त्यांतली सरस दोन ‘मध्यम’ विमानाच्या कागदातून निघाली.

चार इंजिनांचे काम शॉर्ट बंधूंच्या कंपनीला मिळाले. सुपरमरीनचाही एक आराखडा होता, स्पिटफायरचा जनक आर. जे. मिचेल याने आजारपणात हाती घेतलेला. मिचेल १९३७ मध्ये वारला आणि १९४० च्या सप्टेंबरात सुपरमरीनच्या कारखान्यावर जर्मन बाँब पडले, त्यात ती अर्धवट विमानेही गेली. शॉर्ट बंधूंचा हात समुद्रावर उतरणाऱ्या प्रचंड विमानांवर बसलेला होता. त्यांतल्या संडरलँड विमानाचेच लांब पंख नव्या विमानाला लावायचे त्यांच्या मनात होते. मंत्रालयाने अट घातली, पंखांची लांबी १०० फुटांच्या आत. ही अट हँगरच्या दारांसाठी होती, असा किस्सा पिढ्यान्पिढ्या सांगितला जातो. किस्सा चांगला आहे, पण त्यात तथ्य नाही. हँगरची दारे त्याहून रुंद होती, शिवाय विमानाची देखभाल उघड्यावर व्हावी असे मागणीपत्रातच म्हटले होते. खरा हेतू वजन आटोक्यात ठेवण्याचा होता. वजन काही आटोक्यात राहिले नाही, पंख मात्र आखूड राहिले.

हे स्टर्लिंग विमान म्हणजे बगळ्याच्या पायांवर उभा केलेला हत्ती. लवकर हवेत उठावे म्हणून त्याचे नाक वर करायचे ठरले, आणि त्यासाठी चाकांचे पाय इतके लांबवले की पायलटची खिडकी जमिनीपासून २० फुटांहून उंच गेली. मे १९३९ मध्ये पहिले विमान उडाले, उतरताना ब्रेक अडकले, लांब पाय मोडले आणि विमान निकालात निघाले. पुढे ते सुधारले. पायलटांना ते आवडायचेही, कारण एवढे धूड असून वळायचे चपळ. उंची मात्र ते गाठू शकत नसे. भरल्या बाँबनिशी १६-१७ हजार फुटांवर त्याचा दम संपे. वरून इतर विमानांचे बाँब आणि खालून विमानवेधी तोफा, अशा दोन्ही बाजूंच्या माऱ्यात ते सापडे. इटलीवर जायचे तर आल्प्सची शिखरे चुकवत जावे लागे. नोव्हेंबर १९४२ मध्ये १४९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे एक स्टर्लिंग तुरिनवर गेले. त्याचा ऑस्ट्रेलियन पायलट रॉडन मिडलटन तोफेच्या माऱ्यात जबर जखमी झाला, त्याचा एक डोळा गेला. त्याही स्थितीत त्याने विमान इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंत आणले, साथीदारांना उड्या मारायला लावल्या आणि स्वतः विमानासकट समुद्रात गेला. पाच जण वाचले. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. स्टर्लिंगची दुसरी उणीव बाँब ठेवायच्या जागेत होती. ती आडव्या-उभ्या कप्प्यांत विभागलेली, त्यामुळे २,००० पौंडांहून मोठा बाँब तिच्यात मावतच नसे.

आता दुसरा कागद, पी १३/३६. तो आज वाचला तर एकाच विमानाकडून सगळ्या घरची कामे करून घ्यायचा बेत दिसतो. विमानाने सूर मारून बाँब टाकावेत, गरज पडल्यास गलोलीतून खडा सुटावा तसे यंत्राच्या धक्क्याने हवेत झेपवावे, आणि १८ इंची जाडीचे दोन लांबलचक टॉर्पेडो पोटात वाहून न्यावेत! पुढे या अटी एकेक करून गळून पडल्या. एकाही लढाईत या विमानांना टॉर्पेडो न्यावा लागला नाही. पण टॉर्पेडो मावावा म्हणून विमानाच्या पोटात एक लांब, सलग, बिनअडथळ्याची पोकळी ठेवली गेली होती आणि सूर मारायच्या अटीमुळे सांगाडा दणकट झाला होता. फसलेल्या कल्पनेचे हे दोन अवशेष पुढे सोन्याच्या मोलाचे ठरले.

या कागदावर दोन कंपन्यांनी काम घेतले, हँडली पेज आणि अॅव्हरो. दोघांनी दोन व्हल्चर इंजिने धरून आराखडे केले. १९३७ मध्ये मंत्रालयाला शंका आली की व्हल्चर पुरेशी मिळणार नाहीत, आणि हँडली पेजला हुकूम गेला की दोन व्हल्चरऐवजी चार मर्लिन बसवा. कंपनीने कुरकुर केली, पण केले. यातून हॅलिफॅक्स निघाले. ते ऑक्टोबर १९३९ मध्ये पहिल्यांदा उडाले आणि मार्च १९४१ मध्ये ल हाव्र बंदरावर पहिल्या मोहिमेला गेले. त्या पहिल्याच रात्री एक हॅलिफॅक्स परतताना आपल्याच हवाईदलाच्या रात्रिगस्ती विमानाने पाडले. सुरुवातीच्या हॅलिफॅक्सच्या शेपटीतही खोट होती. एका मर्यादेपलीकडे सुकाणू एका बाजूला जाऊन अडकायचे आणि विमान गिरक्या घेत खाली यायचे. मोठे चौकोनी शेपटीपंख बसवल्यावर हे थांबले, पण तोवर कित्येकांचे जीव गेले होते. चांगले हॅलिफॅक्स पाहायला तिसऱ्या आवृत्तीची, ब्रिस्टल कंपनीच्या हर्क्युलिस इंजिनांची वाट पाहावी लागली.

अॅव्हरोला इंजिन बदलायचा हुकूम आला नाही. मुख्य आरेखक रॉय चॅडविक यांचे विमान दोन व्हल्चरवरच राहिले आणि त्याला कंपनीच्या शहराचे नाव मिळाले, मँचेस्टर. जुलै १९३९ मध्ये रिंगवेच्या धावपट्टीवरून ते पहिल्यांदा उडाले.

व्हल्चरची कल्पना कागदावर देखणी होती. बारा सिलिंडरांची व्ही आकाराची पेरेग्रिन इंजिने दोन घ्यायची, एक सरळ आणि एक उलटे, आणि एकाच क्रँकशाफ्टवर जोडायची. चोवीस सिलिंडरांची इंग्रजी एक्स अक्षरासारखी मांडणी, सुमारे १,८०० अश्वशक्ती. अडचण सांध्यात होती. क्रँकशाफ्टच्या प्रत्येक खुंटावर चार चार कनेक्टिंग रॉड येत, एक मुख्य आणि त्याला जोडलेले तीन. तिथल्या बेअरिंगवर भार प्रचंड, तेल मात्र पुरेसे पोचायचे नाही. बेअरिंग जळायचे, रॉडचे बोल्ट तुटायचे, आणि तुटलेला रॉड इंजिनाच्या कवचातून बाहेर यायचा. आग लागायची. चार इंजिनांतले एक गेले तर तिनावर घरी येता येते. दोनांतले एक गेले तर मँचेस्टरला उंची टिकवता येत नसे. सुकाणू हातात धरून बसायचे आणि समुद्र जवळ येताना बघायचे.

नोव्हेंबर १९४० पासून लिंकनशरमधल्या वॉडिंग्टन तळावर २०७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ही विमाने मिळू लागली. १९४१ मध्ये ती उडण्यापेक्षा जमिनीवर खिळलेलीच जास्त असत. दुरुस्तीसाठी थांबवा, पुन्हा उडवा, पुन्हा थांबवा. २०० च्या आसपास बांधून झाल्यावर प्रकरण गुंडाळले. त्यांच्या शेवटच्या दिवसांत, ३० मे १९४२ च्या रात्री, कोलोनवर गेलेल्या एका मँचेस्टरचे एक इंजिन पेटले. पायलट लेस्ली मॅन्सर वीस वर्षांचा होता. विमान आता घरी पोचत नाही हे कळल्यावर त्याने साथीदारांना उड्या मारायला सांगितले. पुढे केलेले पॅराशूट नाकारून तो सुकाणू धरून बसला, कारण त्याने हात सोडला असता तर विमान उलटले असते. बेल्जियममध्ये ते कोसळले. त्यालाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

चॅडविक यांना रोग फार आधी कळला होता. इंजिन वाईट आहे, पण विमान चांगले आहे. मग विमान ठेवा, इंजिन बदला. मँचेस्टरचा मधला भाग तसाच ठेवून पंख दोन्ही बाजूंना लांबवायचे आणि चार मर्लिन बसवायची. १९४० च्या उन्हाळ्यात ही सूचना मंत्रालयापुढे गेली तेव्हा मर्लिनचे नाव काढायची सोय नव्हती. इंग्लंडवरचे आकाश वाचवणाऱ्या स्पिटफायर आणि हरिकेन या दोन्ही विमानांत मर्लिनच होते, आणि विमाननिर्मिती खात्याचे मंत्री लॉर्ड बीव्हरब्रुक यांचा सगळा कटाक्ष लढाऊ विमानांवर. मँचेस्टर सोडा आणि तुम्हीही हॅलिफॅक्सच बांधा, असा मंत्रालयाचा कल होता. अॅव्हरोचे संचालक रॉय डॉबसन हे मोठे हट्टी गृहस्थ. त्यांनी रोल्स-रॉइसच्या अर्नेस्ट हाइव्ह्ज यांना गाठले. हाइव्ह्जनी इंजिनांची सोय केली. ब्यूफायटर या विमानासाठी मर्लिनचे सगळ्या जोडण्यांसकट तयार गाठोडे बनवलेले होतेच. पंखावर आणून टांगायचे की झाले. व्हल्चरचा काटा निघाल्याने रोल्स-रॉइसचाही जीव भांड्यात पडला असणार.

९ जानेवारी १९४१ रोजी रिंगवेवरून पायलट सॅम ब्राउन यांनी हे विमान उडवले. कागदोपत्री ते ‘मँचेस्टर तीन’ होते. अपयशाचा वास आलेले ते नाव लवकरच पुसले गेले आणि विमान लँकेस्टर झाले. महिनाअखेरीच्या सरकारी चाचण्यांनंतर मंत्रालयाचा सूर बदलला. दोन्ही विमानांचे बहुतेक सुटे भाग तेच, त्यामुळे कारखान्यात मँचेस्टर म्हणून सुरू झालेले सांगाडे लँकेस्टर होऊन बाहेर पडू लागले. जे टॉर्पेडो कधी आलेच नाहीत त्यांच्यासाठी राखलेली ३३ फुटांची पोकळी आता उपयोगी पडली. बॉयलरसारखा दिसणारा ४,००० पौंडांचा ‘कुकी’ बाँब तिच्यात आरामात बसे. पुढे अभियंता बार्न्स वॉलिस यांचे पाण्यावर उसळत जाणारे धरणफोडे बाँब, १२,००० पौंडांचा टॉलबॉय आणि अखेर २२,००० पौंडांचा ग्रँड स्लॅम याच पोटाने वाहिला, थोडीफार कापाकापी करून.

विमान तयार होत होते, पण ते कशासाठी वापरायचे याचा निकाल दुसरीकडेच लागत होता. जर्मन लढाऊ विमानांपुढे दिवसा जाणे म्हणजे आत्महत्या, हे १९३९ मध्येच कळले होते, म्हणून बाँबर कमांड रात्री उडू लागली. रात्री काही दिसत नाही ही साधी गोष्ट मात्र कोणी मोजलेली नव्हती. ऑगस्ट १९४१ मध्ये डी. एम. बट या सरकारी नोकराने विमानांतून काढलेली छायाचित्रे तपासून ती मोजली. लक्ष्यावर बाँब टाकले असे सांगणाऱ्या विमानांपैकी तिनात एक लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचले होते. धुराने झाकलेल्या रूर खोऱ्यावर दहात एक.

यावर दोन मार्ग होते. एक, मोहीम थांबवणे. दुसरा, हमखास लागेल एवढे मोठे लक्ष्य निवडणे, म्हणजे अख्खे शहर. फेब्रुवारी १९४२ मध्ये दुसरा मार्ग अधिकृत झाला, आणि त्याच महिन्यात आर्थर हॅरिस बाँबर कमांडचे प्रमुख झाले. शहर जाळायचे धोरण हॅरिस यांनी शोधले असे पुष्कळदा म्हटले जाते. ते त्यांच्या आधी ठरले होते. त्यांनी ते मनापासून, कसलाही संकोच न करता राबवले, एवढे खरे.

लँकेस्टर नेमके याच वेळी हाताशी आले. मार्च १९४२ मध्ये ४४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने त्यातून समुद्रात सुरुंग पेरून सुरुवात केली. एप्रिलमध्ये बारा लँकेस्टर भर दिवसा, झाडांच्या शेंड्यांवरून, आउग्सबुर्गच्या डिझेल इंजिनांच्या कारखान्यावर गेली. सात परतली नाहीत. दिवसाचा प्रश्न तिथे पुन्हा मिटला. मेअखेर हजाराहून अधिक विमाने कोलोनवर गेली, त्यासाठी प्रशिक्षणातली पोरेसुद्धा वापरली गेली. याच काळात दिशा दाखवणारी रेडिओ यंत्रे आली, गी, ओबो, आणि विमानाच्या पोटाखाली बसवलेले एच-टू-एस रडार. कुकी बाँब घरांची छपरे आणि खिडक्या उडवायचा, त्यामागून पडणाऱ्या चार चार पौंडांच्या मॅग्नेशियमच्या कांड्या उघड्या पडलेल्या लाकडाला आग लावायच्या. जुलै १९४३ च्या अखेरीस हँबुर्गमध्ये या आगी एकत्र होऊन आगीचे वादळ उठले. आठवडाभरात ३५,००० हून अधिक माणसे मेली, बहुतेक सामान्य नागरिक.

मागे इंग्लंडात कारखाने अहोरात्र चालू होते. एकूण ७,३७७ लँकेस्टर बांधली गेली, त्यांतली ४३० कॅनडात. इंजिनांसाठी अमेरिकेतली पॅकार्ड मोटार कंपनी मर्लिन बनवून पाठवू लागली. हॅलिफॅक्सच्या ६,००० हून अधिक विमानांपैकी ७१० लंडनच्या बसवाल्यांनी, म्हणजे लंडन ट्रान्सपोर्ट आणि गाड्यांचे सांगाडे बांधणाऱ्या कंपन्यांनी मिळून तयार केली. कामगारांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. आदल्या साली दुकानात किंवा घरात असलेली बाई आता पंखाच्या आत आडवी पडून रिव्हेट धरत होती.

आता विमानाच्या आत जाऊ. सात माणसे. मधोमध पंखांचा मुख्य तुळवट आडवा आलेला, तो ओलांडल्याशिवाय पुढून मागे जाता येत नाही. जाड कातडी पोशाखात, अंधारात, हलत्या विमानात तो चढून पार करायचा. शेपटीतल्या तोफचीच्या काचेच्या घुमटीत पॅराशूट घालून बसायला जागा नाही, ते मागे भिंतीला टांगलेले. वेळ आली तर दार उघडून आधी ते ओढून घ्यायचे. पुढच्यांसाठी सुटकेचा दरवाजा नाकातल्या जमिनीत, २२ इंच रुंद. हॅलिफॅक्सचा २४ इंच होता.

या दोन इंचांचा हिशेब फ्रीमन डायसन या विशीतल्या गणितज्ञाने पुढे लिहून ठेवला. तो १९४३ पासून बाँबर कमांडच्या मुख्यालयात आकडेमोड करत होता. पाडल्या गेलेल्या हॅलिफॅक्स आणि स्टर्लिंगमधून सुमारे २५ टक्के माणसे जिवंत बाहेर पडत. लँकेस्टरमधून १५ टक्के. पॅराशूट बांधलेला माणूस त्या भोकातून पटकन निसटत नव्हता. डायसनच्या एका सहकाऱ्याने दरवाजा रुंद करावा म्हणून कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. मंजुरी मिळेतो युद्ध संपत आले होते. डायसनला आणखी एक गोष्ट दिसली. जुने, मुरलेले वैमानिक नवख्यांपेक्षा जास्त टिकतात, हा वरिष्ठांचा आवडता समज आकड्यांत कुठे सापडेना. कारण बहुधा खाली होते. जर्मन रात्रिलढाऊ विमानांना वर तोंड केलेल्या तोफा बसवल्या होत्या. ती निवांत पोटाखाली येत आणि पंखातल्या इंधनाच्या टाक्यांवर मारा करत. लँकेस्टरला खाली बघायला डोळा नव्हता, तिथे आता रडार बसले होते.

हॅरिस यांनी डिसेंबर १९४३ मध्ये लिहून दिले होते की, पुरेशी लँकेस्टर मिळाली तर १ एप्रिल १९४४ पर्यंत जर्मनी शरण यायच्या स्थितीत येईल. ती तारीख उजाडण्याच्या दोनच रात्री आधी न्यूरेंबर्गवर गेलेल्या ७९५ विमानांपैकी ९५ परतली नाहीत. जर्मनी उभाच होता. तरी मोहीम वाया गेली असे म्हणणेही मला पटत नाही. जर्मनीला हजारो तोफा आणि लाखो माणसे रशियन आघाडीऐवजी स्वतःच्या शहरांवर आकाशाकडे तोंड करून ठेवावी लागली. आणि १९४४ च्या उत्तरार्धात हीच विमाने तेलाचे कारखाने, रेल्वे आणि कालव्यांवर वळवली गेली तेव्हा जर्मन यंत्रणा खरोखर कोलमडली. प्रश्न उरतो तो असा की, एवढे अचूक मारता येऊ लागल्यावरही शहरे जाळणे का चालू राहिले. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनमध्ये सुमारे २५,००० माणसे मेली. बाँबर कमांडच्या सुमारे सव्वा लाख उडणाऱ्या जवानांपैकी ५५,५७३ मारले गेले. विजयाच्या भाषणात चर्चिल यांनी या मोहिमेचा उल्लेख टाळला. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये या मृतांचे स्मारक उभे राहिले ते २०१२ साली.

रॉय चॅडविक यांनी लँकेस्टरच्या धाटणीवर लिंकन आणि शॅकल्टन ही विमाने काढली, व्हल्कन या जेट बाँबफेकी विमानाचे काम सुरू केले. लँकेस्टरच्या वंशातलेच ट्यूडर नावाचे प्रवासी विमानही त्यांचेच. २३ ऑगस्ट १९४७ रोजी वुडफर्डच्या धावपट्टीवरून ते त्याच्या चाचणीला चढले. आदल्या दुरुस्तीत पंखांच्या झडपांच्या तारा उलटसुलट जोडल्या गेल्या होत्या. विमान जमिनीवरून उठले, एक पंख खाली झुकला. पायलटने तो वर आणायला सुकाणू फिरवले आणि पंख आणखी खाली गेला.